दोन प्याल्यांचा गुलाब

चीनमधल्या आमच्या ह्वाइआन गावात गुलाबांचे शौकीन प्रत्येक जातीचं वर्णन कागदावर लिहून कुंडीशेजारी टांगायचे. थोंग बोहाइने आपल्या गुलाबाबद्दल लिहिलं होतं, "सकाळी फिकट, दुपारी दोन प्याले चढलेल्या बाईच्या गालासारखा लाल." वर्णन अगदी बरोबर होतं, कारण ते फूल उन्हात विटायचं सोडून गडद व्हायचं. भानगड एवढीच, की त्याच्या बायकोने, आमच्या श्यूयुनवहिनींनी, जन्मात दारूला ओठ लावले नव्हते. मग हा गाल कोणाचा? कालव्यावरच्या होडीवालीपासून शेवयावाल्याच्या मेहुणीपर्यंत आम्ही गल्लीतल्या टवाळांनी संशयातून एकही बाई सोडली नाही. वहिनी मात्र ऐकून न ऐकल्यासारखं करून झाडांना पाणी घालत राहायच्या.

बोहाइ गेला. वसंतात थडगी झाडायच्या सणाच्या दिवशी मीही वहिनींबरोबर गेलो. त्यांनी रिवाजाप्रमाणे बोहाइच्या थडग्यावर दारू ओतली आणि उरलेली दोन प्याले दारू स्वतः पिऊन टाकली. थोडा वेळ थांबून मला विचारलं, "भावजी, माझे गाल कसे दिसतायत?"

चेहरा टोफूसारखा पांढराफटक होता.

"लालबुंद," मी म्हणालो. "अगदी त्या फुलासारखे."

"गल्लीभर थापा मारत फिरता, आणि एक धड जमत नाही तुम्हाला," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. प्याले पुसून त्यांनी टोपलीत ठेवले.

त्यांच्या घरी परतलो तेव्हा दुपार झाली होती आणि फूल लाल झालं होतं. वहिनींनी रोजच्यासारखं पाणी घातलं. वाऱ्याने बोहाइचा कागद उलटा झाला होता, तो तेवढा सरळ केला.