डिस्ट्रीब्यूटरवरची पिवळी रेघ

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, गॅरेजातल्या माणसांजवळ तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही — बहुधा म्हणूनच तोंड उघडतंय.

अमरावतीत बडनेरा रोडवर माझं गॅरेज आहे. पाटीवर आज माझं नाव असलं तरी ते उभं केलं रहीमचाचांनी. मी डिप्लोमा करून त्यांच्या हाताखाली लागलो, पुढे भागीदार झालो. जुन्या पेट्रोल गाड्यांच्या इंजिनाची ताकद वाढवून घ्यायला अकोला-यवतमाळहून लोक यायचे, ते चाचांच्या कानासाठी. चालू इंजिनावर झुकून ते सिलिंडरांना ठिणगी पोचवणारा डिस्ट्रीब्यूटर केसभर फिरवायचे, डोळे मिटायचे, पुन्हा केसभर. टायमिंग म्हणजे दुसरं काय? पिस्टन वर पोचायच्या किती आधी ठिणगी पडावी, एवढंच. ती वेळ त्यांना ऐकू यायची. जमली की बोल्ट आवळायचे आणि काडी पिवळ्या रंगात बुडवून डिस्ट्रीब्यूटरपासून इंजिनाच्या ब्लॉकपर्यंत एक रेघ ओढायचे. ती त्यांची सही.

मला त्या रेघेचा राग यायचा. सांगायलाच बसलोय तर खरं सांगतो. ठिणगीची वेळ अंशांत दाखवणारा टायमिंग लाइट मी विकत आणला होता, अंशांची भाषा मला येत होती — आणि गिऱ्हाईक मात्र दारातूनच विचारायचं, "चाचा हायेत का?"

वानखडे सर कॉलेजात शिकवायचे. त्यांच्या जुन्या जीपच्या इंजिनाचं हेड घासून आम्ही कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, वाढवलं, मोठा कार्बोरेटर बसवला. चाचांनी टायमिंग लावलं, रेघ ओढली आणि ते जुम्याच्या नमाजला गेले. मी गुपचूप लाइट लावून पाहिला. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा ठिणगी चार अंश उशिरा पडत होती. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! म्हातारा चुकला — याच शब्दांत वाटलं मला.

पुस्तक मूळ इंजिनाचं होतं. कॉम्प्रेशन वाढलं की हवा-पेट्रोलचं मिश्रण लवकर जळतं, म्हणून ठिणगी मागे, म्हणजे थोडी उशिरा, घ्यावी लागते. चाचांनी तेच केलं होतं. परीक्षेत विचारलं असतं तर मी हे अर्धं पान लिहिलं असतं. त्या दुपारी सुचलं नाही. की सुचू दिलं नाही?

मी बोल्ट सैल केला आणि टायमिंग पुस्तकाप्रमाणे पुढे घेतलं, म्हणजे ठिणगी लवकर पडेल असं केलं. आणि मग — इथे माझी जीभ अडते — पेट्रोलच्या फडक्याने मी चाचांची रेघ पुसली. काडी रंगात बुडवली. त्यांच्यासारखीच नवी रेघ ओढली, म्हणजे त्यांना काही कळायला नको. सर आले, सपाट रस्त्यावर एक चक्कर मारली आणि खूश होऊन गाडी घेऊन गेले. चाचा तेव्हा परतलेही नव्हते.

दुसऱ्या दिवशी सर घरच्यांना घेऊन चिखलदऱ्याला निघाले. परतवाड्याच्या पुढे घाट लागला, भरलेली गाडी चढाला लागली आणि इंजिन आतून ठोकायला लागलं. त्या आवाजाचा अर्थ सरांना कळायचं काही कारण नव्हतं. ते चालवत राहिले आणि पिस्टनला भोक पडलं. कुणाला इजा झाली नाही. जीप टोचन लावून गॅरेजात आणली.

सरांनी आवाजही चढवला नाही. एवढंच म्हणाले, "चाचा, वय झालं आता. कान साथ देत नसतील." चाचांनी बॉनेट उघडलं, त्या रेघेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "निशानी त माहीच हाय."

मी दोन हात अंतरावर पाना घेऊन उभा होतो. एक वाक्य पुरलं असतं. लाज वाटत होती, पण बोलण्याइतकी नाही.

त्यानंतर चाचांनी एकही टायमिंग लावलं नाही. इंजिन चालू करायचे आणि बाजूला सरायचे — "तू आयक बेटा, मले भरोसा नाई राह्यला." मी ऐकायचो, मी लावायचो. हळूहळू पाटी बदलली. चाचांना त्यांच्या मुलीने अकोल्याला नेलं, कान तपासून घेतले, तर डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहेत. चाचांनी मला फोन केला. हसत होते. "कान चांगला हाय म्हन्ते डॉक्टर. मंग डोक्शातच काई बिघडलं असन."

तेव्हा तरी सांगायचं ना? नाही सांगितलं.

आता ते मुलीकडेच असतात. या ईदला गेलो होतो. ओट्यावर बसलो होतो, तेवढ्यात समोरच्या पुलाच्या चढावर मालाने भरलेली एक जुनी व्हॅन गेली. चाचांची मान वर झाली. डोळे मिटले. मग अगदी भीत भीत त्यांनी मला विचारलं, "टायमिंग पुढं हाय ना रे तिचं?"

पुढे होतं. तिचं ते आतून ठोकणं मलाही स्वच्छ ऐकू आलं होतं. पण 'हो' म्हटलं तर त्यांना कान बरोबर असल्याचं कळेल, आणि मग ती जीप आठवेल — माझ्या मनात आलं ते एवढंच.

"मले त काई आयकू नाई आलं, चाचा," मी म्हणालो.

"असन," ते म्हणाले, आणि खाली बघत राहिले.

पहिल्यांदा केलं तेव्हा ते नमाजला गेलेले होते. या वेळी मी त्यांच्या शेजारी बसून केलं.