कापूस विकायचा खेळ

बोर्डगेम बनवला तर तो आधी घरच्यांना खेळायला देऊ नये, असं जाणकार सांगतात. घरचे लोक तोंडदेखलं कौतुक करतात म्हणे. हे जाणकार आमच्या घरी कधी आलेले नाहीत.

मारेगावजवळच्या आमच्या गावात बसून मी कापसाचा खेळ केला. पटावर शेतकऱ्यांची घरं, सरकी काढायची जिनिंग आणि बाजार. दर फेरीला घरात थोडा कापूस यायचा आणि भावाचा एक पत्ता उलटायचा. भाव पटला तर कापूस विकायचा, नाही तर घरात ठेवायचा. सगळ्यांचा कापूस विकून झाला की खेळ संपला. पुण्याच्या एका प्रकाशकाला कल्पना आवडली. अट एकच घातली, खेळ तासाभरात संपला पाहिजे. नाही तर तो छापणार नव्हता, आणि दुसरा कोणी प्रकाशक मला ओळखतही नव्हता.

खेळायला बसले बाबा, काका आणि तांड्यावरचे बाबांचे एक दोस्त. सोंगट्या म्हणून खऱ्या कापसाचे पुंजके घेतले. कापसाला काही तोटा नव्हता. भाव वाढायची वाट पाहत दिवाळीनंतर समोरची खोली छतापर्यंत भरली होती. पंखा लावायची सोय नव्हती. टीव्ही कापसामागं गेला होता, त्यामुळे आई स्वयंपाकघरात बसून मालिका ऐकायची. झोपायचीही तिथंच. उन्हं तापली तशी कापसाची खाज सुटली आणि तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले. खोबरेल तेलात कापूर घालून ती हात चोळायची आणि आम्हाला चहा करून द्यायची.

पहिल्या दिवशी कोणी काहीच विकलं नाही.

"वाढन अजून," बाबा म्हणाले.

सगळ्यात चढ्या भावाचा पत्ता आला. तरी कोणी पुंजक्याला हात लावला नाही. खेळणाऱ्याला मधे शिकवायचं नसतं, हे मला माहीत होतं, पण टाळकं सरकलं. "बाबा, याच्याहून मोठा पत्ता हायच नाई! मीच रंगवले नं सगळे!"

"इतका चढला तं अजून चढन," काका म्हणाले. "तुले काय मालूम वं?"

मग मी पावसाचा पत्ता घातला. उघड्यावरचा कापूस भिजला, असं त्यावर लिहिलं. दोस्तांनी खिशातली तंबाखूची रिकामी पुडी फाडून आपल्या पुंजक्यांवर पांघरली. "ताडपत्री," ते म्हणाले. कापूस ठेवायचं भाडं लावून पाहिलं, तर बाबा चिडले. "घर आपलं अन् भाडं कायचं?" दुपारची संध्याकाळ झाली. पटावरची घरं भरून पुंजके शेजारच्या घरात सांडायला लागले आणि त्यावरून काका अन् बाबांचं खरंखुरं भांडण झालं. खेळ काही संपला नाही. खेळाडू अडला तर चूक खेळाडूची नसते, नियमाची असते, असं प्रकाशक मला फोनवर सांगायचा. त्याला म्हणावं, ये एकदा इकडं आणि बस आमच्या बाबांसमोर.

आई चहाचे कप घेऊन आली आणि पटाकडं पाहत उभी राहिली.

"याच्यात बाई कुठं हाय?"

मी बैल काढले होते, विहीर काढली होती. बाई नव्हती.

"मी असती तं माहेरी गेली असती," आई म्हणाली. "मंग खेळा म्हना."

मला ते एकदम पटलं. मी तिथंच नवा पत्ता लिहिला. खाज सुटली, घरधनीण माहेरी गेली, कापूस विकेपर्यंत डाव बंद.

दुसऱ्या दिवशी तो नेमका बाबांना आला. बाबा हसले. "आपल्या घरची नाई जात," असं म्हणून त्यांनी तो परत गठ्ठ्यात खुपसला.

आईनं ते ऐकलं. तिनं कप विसळले, पातळ बदललं, पिशवी भरली आणि ती केळापूरला, आपल्या माहेरी, निघून गेली.

"येते नं संध्याकाळपर्यंत," बाबा म्हणाले आणि त्यांनी डाव पुढं चालू ठेवला.

ती आली नाही. बाबा मी केलेली खिचडी पाण्याच्या घोटाबरोबर गिळायचे, म्हणजे खिचडी किती वाईट असेल पाहा. शेवटी त्यांनी फोन लावला.

"कवा येतं वं?"

"कापूस गेला काय?"

"अवं, भाव आता कुठं..."

फोन बंद. मला मनापासून आनंद झाला. मग बाबा हातातल्या फोनकडं पाहत बसले तेव्हा त्यांची कीवही आली.

आठवडा सरायच्या आत दारात गाडी लागली. कापूस वणीच्या बाजारात देऊन बाबा तसेच केळापूरला गेले आणि आईला घेऊन आले. तिनं समोरची खोली झाडली, पंखा लावला आणि त्याच्याखाली बसली. मालिकेतली सून पाहून म्हणाली, "अगबाई, आवाजावरून मले ही म्हातारी वाटली होती."

बाबा, काका आणि दोस्त आता तो माहेरचा पत्ता यायच्या आधीच विकून मोकळे व्हायला लागले. खेळ तासाच्या आत संपला. मी तो पुण्याला पाठवून दिला.

त्यानंतर कापसाचा भाव वाढला. खराखुरा. टीव्हीवर बातमी आली तेव्हा आम्ही तिघंही समोरच होतो. बाबांनी ती पूर्ण ऐकली आणि रिमोट आईच्या हातात दिला. "लाव तुही मालिका."

प्रकाशकाचा फोन आला तो अशाच एका संध्याकाळी. खेळ छापायचा म्हणाला. फक्त तो माहेरी जायचा पत्ता फार कडक आहे, खेळणाऱ्यांना पटणार नाही, तेवढा काढून टाका. मला खेळ छापून हवा होता. मी हो म्हणणारच होते.

बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"साहेब, तो पत्ता राहू द्या," ते म्हणाले. "त्याच्याबिगर मी कापूस नसता इकला."