फॅमिली रूमचा पडदा

दोन दिवसांसाठी कराडला घरी आलो होतो. आई, वहिनी आणि दोन मित्रांना घेऊन मलकापूरच्या एका मटण खानावळीत गेलो. वाढप्याने थेट ‘फॅमिली रूम’ दाखवली. म्हणजे प्लायवूडची खोली आणि दाराला फुलाफुलांचा पडदा. वाढपी पन्नाशीचा, आत येण्याआधी दर वेळी खोकणारा.

स्त्रीमुक्तीवरचं माझं पत्रक नुकतंच छापून आलं होतं. मी सुनावलं, “बायका काय चोरून आणल्यात? काढा तो पडदा!”

“झालं सुरू ह्याचं,” मित्र म्हणाला.

वाढप्याने पडदा काढून खांद्यावर टाकला आणि ताटं आणली. बाहेरची सगळी बाकडी आत बघू लागली. आईने पदर सारखा केला, आपल्या ताटातल्या मटणाच्या फोडी माझ्या ताटात घातल्या आणि म्हणाली, “मला रस्सा बास.” घरीही ती हेच करते. मी खात होतो.

वाढपी हळूच म्हणाला, “दादा, राग मानू नगा. घरात समद्यास्नी वाढून उरंल ते माउल्या खात्यात. पडद्याआड पोटभर जेवत्यात. कोण बगत न्हाई.”

“बाहेरचे ना?”

“घरचं बी.”

मी ताट उचललं. मित्रांनाही उठवलं आणि आम्ही तिघे बाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसलो. वाढप्याने पडदा पुन्हा लावला, वाढायला आत गेला. थोड्या वेळाने आईचा आवाज आला, चांगला खणखणीत.

“आवं, फोडी घाला की! नुसता रस्सा काय वाढताय?”