नमस्काराची ओळ

महिन्याच्या पहिल्या सोमवारी एक गृहस्थ रत्नागिरीच्या कोर्टाजवळ माझ्या टायपिंगच्या टेबलाशी येत आणि उभ्यानेच पत्र सांगत. मुंबईच्या एका आइस्क्रीम कंपनीची एजन्सी त्यांनी घेतली होती. दुकान उघडण्याआधीच भावाने जागा नाकारली, म्हणून भरलेली फी त्यांना परत हवी होती. ती कोणत्याही कारणाने परत मिळणार नाही, असं करारात स्पष्ट छापलेलं होतं. मी पहिल्याच दिवशी ते कलम दाखवलं.

"सहीच्या आधी वाचायचं होतंत."

"कंपनीचा माणूस माझ्या घरी जेवायला बसला होता हो. त्याच्यादेखत कागद तपासायचे म्हणजे कसं दिसतं?"

पत्र मी इंग्रजीत टाईप करी; इंग्रजी त्यांना हळूहळू वाचता येई. तरी माझं पत्रही ते कधी वाचून बघत नसत, सही करून टाकत. शेवटी एक ओळ ठरलेली असे, "घरी सर्वांस आमचा नमस्कार." पैसे मागायच्या पत्रात हे शोभत नाही, म्हणून मी ती गुपचूप गाळत असे.

एका सोमवारी ते म्हणाले, "कंपनीचे साहेब स्टँडवर भेटले. आमचा नमस्कार एकदाही पोचला नाही म्हणतात."

माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. शेवटची ओळ सोडून पत्र सांगितलं आणि म्हणाले, "एवढंच घाला."

मी पत्र शेवटापर्यंत आणलं. मग ती ओळ मी माझ्या मनाने टाईप केली.

त्यांनी नेहमीसारखी न वाचता सही केली.