पातळाचा आडोसा

आमच्या गल्लीतली पिठाची गिरणी राजेश्वरीची. नवरा शिवतेज फौजेत, त्यामुळे पट्टा बदलण्यापासून दगडाला टाकी लावण्यापर्यंत सगळं तीच बघायची. गिरणीच्या घरघरीवरून "कुणाचं दळण ऱ्हायलंय?" म्हणून तिनं हाक दिली की कवठे महांकाळच्या स्टँडवर ऐकू जावी. मी जन्मभर तमाशाच्या कनातीत उभी राहिलेली बाई, आवाज मला कळतो. असा गळा आमच्या फडाला मिळाला असता तर शेवटच्या रांगेतल्यानंही टोपी उडवली असती.

बाळंतपणानंतर त्या गळ्यातनं कुजबुज निघायला लागली.

मुलगी झाली, पण अडून, चिमटा लावून. नंतर राजेश्वरीला लघवीच होईना. दवाखान्यात भेटायला आलेली प्रत्येक बाई आधी बाळ बघायची आणि मग विचारायची, झाली का? सासू लीलाबाई मायेनं तांब्या-तांब्या धण्याचं पाणी पाजत होत्या, म्हणजे सुटेल. लघवीची नळी घालतील या धास्तीनं राजेश्वरी नर्सला सांगत राहिली, होतेय थोडी थोडी. ठिपकत होती तेवढीच. दुसऱ्या दिवशी ओटीपोट टरारलं, राजेश्वरी घामानं भिजली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी हात लावून ओळखलं. नळी घातल्यावर पिशवी काठोकाठ भरली. मूत्राशय ताणून लुळं पडलंय, त्या म्हणाल्या. काही दिवस विश्रांती देऊ, मग नळी काढून बघू.

नळी काढायचा दिवस आला, सोबतीला मी होते. वॉर्डातल्या संडासाचं दार लागत नव्हतं. फडाचा मुक्काम मोकळ्या रानात असला की आम्ही एकमेकींना पातळाचा आडोसा धरायचो, बसणारीकडं पाठ करून गुणगुणायचो, म्हणजे तिला लाज वाटू नये. मी तेच केलं. एक टोक खिळ्याला, एक माझ्या हातात. नळ सोडला, एक जुनी गौळण धरली.

बाहेरून लीलाबाईंनी विचारलं, "झाली का गं?"

"आत्याबाय, दळणाचं गिऱ्हाईक तरी जरा दम धरतंय."

मला हसू आलं. पण लघवी काही सुटली नाही. गौळण संपली, बादली भरून वाहायला लागली.

"मावशी, कळच येत न्हाई. माझं अंग मला ऐकत न्हाई."

मला फक्त गाता येत होतं, ते गाऊन झालं होतं. नर्स ट्रेमध्ये नवी नळी घेऊन आली. जरा थांब म्हटलं, तर थांबली बिचारी. पण किती थांबणार?

"पातळ सोडू नगासा, मावशी," राजेश्वरी आतून म्हणाली.

नर्स पातळाखालून वाकून तिला उठवायला आत गेली. खांदे भरून आले होते, तरी मी धरूनच राहिले.