मंग थांबतो मी

प्रयोगशाळेत अर्जुनाची साल दळली की तिचा तुरट, मातकट वास सुटतो आणि मी मनाने आमच्या सोनाळा गावच्या नाल्याकाठी पोचते. खूप वर्षांपूर्वी, विषाणू रोखणारं काही सालीत सापडतं का ते पाहायला मी ती तिथल्या झाडावरून सोलत होते. बाबा मागोमाग झाडाच्या उघड्या पडलेल्या अंगावर शेणमाती लिंपत होते.

"याचं औषध कवा होईन वं?"

"लय वर्षं लागतीन, बाबा."

"मंग थांबतो मी," नाल्यात हात धूत ते म्हणाले. मला थट्टाच वाटली होती.

आज पहिल्यांदा त्या सालीच्या अर्काने काचेच्या बशीतले विषाणू थोपवले. प्रयोगशाळेतले बाकीचे घरी गेले होते. सवयीने मी फोन उचलला, सोनाळ्याचा नंबर काढला. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, तरी तो नंबर मी अजून पुसलेला नाही.