मॅनेजरची खुर्ची

वहिनींनी मामांना पहिल्यांदा पाहिलं ते खालून. लग्नानंतर त्या नवऱ्याच्या पाट्यांच्या दुकानात आल्या, तेव्हा दारावर शिडी लावलेली होती आणि शिडीच्या वरच्या पायरीवर दोन हडकुळे पाय दिसत होते.

"मामा, ही आमची मंडळी!" नवऱ्याने हाक दिली.

वरून नुसतं "हंऽ" आलं. माणूस शिष्ट दिसतोय, असं वहिनींच्या मनात आलं. मामा खाली उतरले, तोंडातले स्क्रू तळहातावर काढले आणि म्हणाले, "माफ करा वहिनी, तोंड भरलेलं होतं. घरची म्हणते, कायम असंच भरलेलं ठेवा."

बाजारपेठेतल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या मामांनीच बसवलेल्या. सासऱ्यांच्या वेळचे ते, म्हणून सगळे त्यांना मामा म्हणत. केस पिकले तेव्हा वहिनींच्या नवऱ्याने हट्टाने त्यांना मॅनेजर केलं. हातांची खुर्ची आणली, टेबल आणलं, फोन त्यांच्यापुढे ठेवला. पहिल्या दिवशी मामा इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून आले. शिडीसाठी दोन नवी माणसं ठेवली.

पण मामांचं चित्त खुर्चीत कुठलं? पोरांनी पाटी जरा तिरकी धरली की हे रस्त्यावर हजर. "अरे, पाटी आहे की घसरगुंडी? उतर, उतर खाली!" आणि पोरगं उतरायच्या आत स्वतः अर्ध्या शिडीवर. हे रोजचंच झालं.

त्याच सुमारास विमावाला आला. कामावर कुणाला इजा झाली तर भरपाई मिळावी, म्हणून घ्यायचा तो विमा. कोणता माणूस कोणत्या कामात घालायचा, हे वहिनींनी सांगायचं होतं. टेबलावरच्या माणसाचा हप्ता कमी, शिडीवरच्याचा जास्त. दोन्ही पोरांना त्यांनी शिडीच्या कामात घातलं.

"आणि हे?" विमावाल्याने मामांकडे पाहिलं. "वर चढतात का? कधीमधी चढत असले तरी सांगा. ज्या कामात धोका जास्त, त्यात नाव घालायचं."

वहिनींनी मामांकडे पाहिलं. नव्या खुर्चीत ते पाठ ताठ करून बसले होते. हप्त्याचा विचार वहिनींच्या मनात आलासुद्धा नाही. उभा जन्म शिडीवर काढलेल्या माणसाला त्याच्याच तोंडावर पुन्हा शिडीवर चढवायचं, हे त्यांच्या जिवावर आलं.

"छे हो, ते आमचे मॅनेजर आहेत. ऑफिसातच असतात."

मामांनी कॉलर सारखी केली. खूश झाले होते.

पुढच्याच पावसाळ्यात औषधाच्या दुकानाची पाटी बसवताना शिडीचा पाय ओल्या फरशीवरून सरकला. वर मामा होते. खुब्याचं हाड मोडलं.

विमा कंपनीचा तपासनीस आला. ऑफिसातला माणूस वर काय करत होता, असं त्याने विचारलं. "चुकून एकदाच चढले" असं सांगून बघावं, असं नवऱ्याचं मत पडलं. वहिनींना ते जमलं नाही. "रोज चढायचे," त्या म्हणाल्या, "आम्हाला ठाऊक होतं." कंपनीने भरपाई नाकारली. पहिल्या ऑपरेशनचं दुकानाने कसंबसं निभावलं. दुसरं मोठ्या दवाखान्यात करायचं होतं. ते आज करू, उद्या करू म्हणता राहूनच गेलं. पाय आखूड राहिला.

वहिनी भेटायला गेल्या. "मामा, मी त्या दिवशी खरं सांगायला हवं होतं. शिडीवरचा माणूस म्हटल्याने तुमचा काय मान जाणार होता?"

मामांनी पांघरुणाची कड दुमडली.

"मीही तिथंच बसलो होतो की, वहिनी. तोंडात स्क्रू नव्हते. बोलायला काय झालं होतं मला?"

वहिनींना हसू आलं नाही. मामांनाही नाही.

आता दरवर्षी विमावाला आला की वहिनी आधी शिडीखाली जाऊन उभ्या राहतात, कोण कोण वर चढतं ते स्वतः बघतात आणि मगच बोलतात. मामा काठी टेकत रोज दुकानात येतात, फोन घेतात. बाहेर पाटी चढवायला लागले की ते खुर्ची भिंतीकडे वळवून बसतात.